सिमेंट भट्टीची धूळ डांबरात, रस्त्याच्या मातीत आणि विटांत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिमेंट कारखान्याच्या भट्टीतून निघणारी बारीक धूळ बांधकामात वापरता येते का, हा प्रश्न गुत्तेदार विचारतात, वीटभट्टीवाले विचारतात, ग्रामपंचायतीचे सदस्य विचारतात आणि प्रोजेक्टसाठी विषय शोधणारी सिव्हिलची मुलं तर दरवर्षी विचारतात. उत्तरं मराठवाड्याची माती, इथली खडी आणि इथला उन्हाळा लक्षात घेऊन दिली आहेत. धूळ उपयोगी आहे, पण ती गाडीगणिक बदलते. म्हणून तपासणीशिवाय ती कुठंही टाकू नये. आणि माझ्या मते तिचा आपल्या भागातला खरा उपयोग डांबरापेक्षा डांबराखालच्या काळ्या मातीत आहे.

ही धूळ नेमकी कुठून येते?

चुनखडी आणि माती एकत्र दळून ती भट्टीत १४५० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजली, की क्लिंकर तयार होतं. क्लिंकर जिप्समसोबत दळलं की सिमेंट. भट्टीतून वर जाणाऱ्या गरम वायूंबरोबर अर्धवट भाजलेला बारीक माल उडून जातो. तो चिमणीतून बाहेर पडू नये म्हणून बॅग फिल्टर किंवा इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटरमध्ये पकडतात. हीच भट्टीची धूळ. कारखान्यात तिला सीकेडी (सिमेंट किल्न डस्ट) म्हणतात.

आजच्या कोरड्या पद्धतीच्या कारखान्यांत यातली बरीचशी धूळ परत भट्टीत घातली जाते. अडचण येते ती क्लोरीन, पोटॅश आणि गंधकाची. हे पदार्थ भट्टीच्या गरम भागात वाफ होतात, वर प्रीहीटरच्या (भट्टीआधी माल तापवणाऱ्या मनोऱ्याच्या) थंड भागात गोठतात, मालाबरोबर पुन्हा खाली येतात आणि पुन्हा वाफ होतात. फेऱ्या वाढत गेल्या की प्रीहीटरची सायक्लोन तुंबतात. म्हणून काही कारखाने वायूचा थोडा भाग बाजूच्या वाटेनं काढून थंड करतात. त्यातून मिळते ती बायपास डस्ट. तिच्यात क्षार जास्त, त्यामुळे ती परत घालता येत नाही. बाहेर काढावी लागते ती प्रामुख्यानं हीच.

सिमेंटमध्ये अल्कली (सोडा-पोटॅश) वाढू द्यायची नाही, हे दुसरं कारण. काही जातींच्या खडीत अल्कलीमुळे काँक्रीट आतून फुगतं, म्हणून कमी अल्कलीच्या सिमेंटसाठी ०.६ टक्क्यांची मर्यादा धरतात.

मग तिच्यात असतं काय?

न भाजलेली चुनखडी, मोकळा चुना, भाजलेल्या मातीचे कण, थोडं क्लिंकर, आणि पोटॅशियमचे क्लोराइड व सल्फेट. मोकळ्या चुन्याचं प्रमाण कधी दोन-चार टक्के, तर कधी वीस टक्क्यांच्याही वर असतं. या एका आकड्यावर तिची बरीचशी किंमत ठरते. पाण्यात कालवली तर पीएच १२ च्या वर जातो. कण इतके बारीक की बहुतेक माल ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून सहज खाली जातो.

परळीला सिमेंटचा कारखाना आहे. तिथं मिळेल का?

नाही. परळीला सिमेंट दळतात, क्लिंकर बाहेरून येतं. भट्टीच नाही, त्यामुळे भट्टीची धूळही नाही. दळण्याच्या गिरणीत पकडली जाणारी धूळ म्हणजे सिमेंटच असतं, ते परत पोत्यात जातं. सोलापूरजवळच्या दळण युनिटांचंही तेच.

भट्ट्या आहेत त्या मराठवाड्याच्या दोन टोकांना. पूर्वेला चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर, आवारपूर, उप्परवाही, घुग्गुस हा पट्टा. दक्षिणेला सीमेपलीकडे कलबुर्गी जिल्ह्यात वाडी, सेडम, मळखेड. किनवट-माहूरकडच्या कामाला चंद्रपूर सोयीचं, उमरगा-निलंगा-औशाकडच्या कामाला कलबुर्गी. बीड, जालना, हिंगोली मधोमध पडतात. तिथं वाहतूक महाग पडते, हे आधीच धरून चाला.

परळीची राख आणि ही धूळ एकच का?

दोन्ही करड्या आणि बारीक दिसतात, म्हणून गल्लत होते. परळीच्या औष्णिक केंद्राची राख कोळशातून येते. तिच्यात सिलिका आणि अॅल्युमिना भरपूर, चुना नावापुरता. नुसती राख पाण्यात कालवून ठेवली तर ती घट्ट होत नाही. भट्टीच्या धुळीत चुना आहे, अल्कली आहे, पण सिलिका कमी. म्हणजे एकीकडे जे कमी आहे ते दुसरीकडे आहे. राखेत धूळ मिसळली की धुळीतला चुना राखेतल्या सिलिकाशी हळूहळू जोडला जातो आणि सिमेंटसारखा पदार्थ तयार होतो. अल्कलीमुळे ही क्रिया लवकर सुरू होते. राख आपल्या दारात पडून आहे, म्हणून मराठवाड्यात या जोडीचा विचार आधी व्हायला हवा असं मला ठामपणे वाटतं.

आणखी एक खुलासा. साइटवर नुसतं ‘डस्ट’ म्हटलं की क्रशरची दगडी कच येते. या पानावरची धूळ ती नव्हे. ऑर्डर देताना आणि चलनावर पूर्ण नाव लिहून घ्या.

डांबरात धूळ कशाला टाकायची?

डांबरी मिश्रणात मोठी खडी, बारीक खडी, कच आणि त्याखाली फिलर असतो. फिलर म्हणजे ७५ मायक्रॉनखालचा माल. तो दोन कामं करतो. खडीच्या मधल्या बारीक पोकळ्या भरतो, आणि डांबरात मिसळून डांबरालाच दाट करतो. खडीला धरून ठेवतं ते हे दाट झालेलं डांबर. उन्हाळ्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ च्या वर जातो, रस्त्याचा पृष्ठभाग त्याहून खूप तापतो, आणि उसाचे ट्रॅक्टर किंवा खडीचे हायवा एकाच रेघेत चालून चर पाडतात. अशा ठिकाणी फिलर चांगला असेल तर डांबर लवकर वितळून सरकत नाही.

फिलर म्हणून दगडाची भुकटी, चुना किंवा सिमेंट चालतं. भट्टीच्या धुळीचा बारीकपणा फिलरच्या चाळणीत बसतो: ०.६ मिमीतून सगळा माल, ०.३ मिमीतून ९५ ते १०० टक्के आणि ७५ मायक्रॉनमधून ८५ ते १०० टक्के जायला हवा. शिवाय चुन्यामुळे डांबर खडीला जास्त घट्ट चिकटतं. हा दुसरा फायदा मला पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो.

बाहेरच्या देशांत यावर बरंच काम झालं आहे. ओमानच्या सुलतान काबूस विद्यापीठातल्या अभ्यासात, जो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, चुन्याच्या फिलरऐवजी ५ टक्के बायपास डस्ट घातल्यावर लागणारं डांबर जवळपास तेवढंच राहिलं आणि मिश्रणाच्या गुणांवर वाईट परिणाम दिसला नाही. पण तिथली खडी वेगळी, धूळ वेगळी. तो आकडा उचलून आपल्या डिझाइनमध्ये घालू नका.

किती टाकायची?

मार्शल डिझाइन (प्रयोगशाळेत नमुने तपासून मिश्रण ठरवण्याची पद्धत) जे सांगेल तेवढीच. डीबीएम (खालचा डांबरी थर) आणि बीसी (वरचा डांबरी थर) यांच्या ग्रेडेशनमध्ये, म्हणजे खडीच्या आकारांच्या ठरलेल्या प्रमाणात, ७५ मायक्रॉनखालच्या मालाला मर्यादा आहे. खडी आणि कच यांच्यासोबत बारीक माल आधीच आलेला असतो, तो वजा करून उरलेल्या जागेत धूळ बसवायची. साधारण १ ते ३ टक्क्यांच्या आत खेळ संपतो. फिलर आणि डांबराचं वजनी गुणोत्तर ०.६ ते १.२ मध्ये ठेवा.

जास्त टाकली की काय होतं ते प्लांटवर डोळ्यांनी दिसतं. मिश्रण कोरडं आणि मळकट होतं, खडीवर चकाकी राहत नाही, पेव्हरमागे (डांबर पसरणाऱ्या यंत्रामागे) ओढल्यासारखे ओरखडे येतात. ही धूळ दगडाच्या भुकटीपेक्षा जास्त डांबर पिते, कारण कण ओबडधोबड आणि सच्छिद्र असतात. डांबर न वाढवता धूळ वाढवली तर रस्ता कडक होतो आणि हिवाळ्यात भेगाळतो. डांबर वाढवलं तर पैसे वाचवण्याचा हेतूच संपतो.

डिझाइन झाल्यावर हे आकडे जुळले पाहिजेत: स्टॅबिलिटी (नमुना मोडायला लागणारा भार) किमान ९ किलोन्यूटन, फ्लो (तोवर नमुना किती दबतो) २ ते ४ मिमी, पोकळ्या ३ ते ५ टक्के, आणि ओल्या नमुन्याची ताणशक्ती कोरड्याच्या किमान ८० टक्के. सीकेडीसाठी यातला शेवटचा आकडा सोडू नका. धुळीत विरघळणारे क्षार असतात. स्टॅबिलिटी पहिल्या दिवशी उत्तम दिसते आणि पाण्यात ठेवल्यावर नमुना ढिला पडतो, असं होऊ शकतं. ते फक्त या चाचणीत कळतं.

आमच्याकडे देगलूर-बिलोलीला दगड वेगळा आहे. काही फरक पडतो का?

पडतो. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला देगलूर, बिलोली, मुखेडकडे ग्रॅनाइट लागतो. ग्रॅनाइटमध्ये सिलिका जास्त. पाण्याला असा दगड जवळचा, त्यामुळे पावसात पाणी दगड आणि डांबर यांच्या मधे शिरतं आणि डांबर सुटतं. बेसॉल्टला डांबर त्यामानानं बरं धरून बसतं.

हे बघायची सोपी चाचणी आहे. डांबर लावलेली खडी बीकरमध्ये पाण्याखाली ठेवायची, पाणी ४० अंशांवर २४ तास. मग बीकर उजेडात धरून वरून बघायचं. चांगल्या नमुन्यात प्रत्येक खडा काळाभोर राहतो. वाईट नमुन्यात कडांपासून डांबर मागे सरकतं, दगडाचे गुलाबी-पांढरे कोपरे उघडे पडतात आणि पाण्यावर तेलकट तवंग दिसतो. किमान ९५ टक्के पृष्ठभाग झाकलेला राहिला पाहिजे. खडी पाण्याच्या चाचणीत नापास झाली तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये २ टक्के विरलेला चुना घालायची तरतूद आहे. ग्रॅनाइटच्या खडीत भट्टीची धूळ याच कामाला येऊ शकते. मात्र ‘चुन्याऐवजी धूळ’ असं डिझाइनमध्ये लिहिण्याआधी तिच्यातला मोकळा चुना मोजलेला असला पाहिजे.

बेसॉल्टवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. खाणीत दोन थरांच्या मधे तांबडी माती लागते, मांजऱ्या दगड लागतो. त्याची कच क्रशरमधून सगळ्यात मिसळली तर फिलरमध्ये चिकणमाती जाते. फिलरचा प्लास्टिसिटी इंडेक्स (चिकणपणा दाखवणारा आकडा) ४ पेक्षा जास्त नको. अशा खाणीच्या कचेऐवजी तपासलेली भट्टीची धूळ केव्हाही बरी.

ड्रम मिक्स प्लांटवर चालेल का?

फिलरचा वेगळा सायलो आणि वजनकाटा असेल तर चालेल. बॅच मिक्स प्लांटवर हे बरोबर जमतं, कारण प्रत्येक बॅचला फिलर तोलून पडतो. जुन्या ड्रम प्लांटवर कचेच्या ढिगावर धूळ पसरून फावड्यानं कालवतात. तसं केल्यास निम्मी वाऱ्यानं उडते, काही ड्रममधून धुरासोबत जाते आणि एका गाडीत ४ टक्के, दुसऱ्या गाडीत काहीच नाही अशी गत होते. त्यापेक्षा न टाकलेली बरी.

यामुळे खड्डे थांबतील?

खड्डे पाण्यानं पडतात. कडेची नाली बुजलेली असेल, खांदे (बाजूपट्ट्या) रस्त्यापेक्षा उंच असतील, खालची माती भिजून फुगत असेल, तर कुठलाही फिलर काही करू शकत नाही. डांबर सुटण्यामुळे पडणारे खड्डे कमी होतील, एवढंच खात्रीनं सांगता येतं.

काळ्या मातीवरचा रस्ता दरवर्षी खचतो. तिथं या धुळीचा उपयोग होतो म्हणतात, खरं का?

खरं आहे, आणि आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं हेच आहे.

काळ्या मातीतलं मॉन्टमोरिलोनाइट पाणी पिऊन फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. एप्रिलमध्ये रानात पडलेल्या भेगेत कोपरापर्यंत हात जातो, तीच माती रस्त्याखालीही असते. रस्ता मधोमध लांबीनं फाटतो, कडा खाली बसतात, पावसात त्या भेगांतून पाणी आत जातं. भिजलेल्या काळ्या मातीचा सीबीआर (भार पेलण्याच्या ताकदीचा आकडा) बऱ्याच वेळा २-३ टक्क्यांवर असतो. एवढ्या कमकुवत पायावर वरचे थर जाड करत नेणं म्हणजे मुरूम आणि खडीवर पैसा ओतणं.

चुना घातला की मातीच्या कणांवरचे सोडियमसारखे आयन जाऊन कॅल्शियम बसतो. कण एकमेकांना धरून गुठळ्या करतात, चिकटपणा जातो, माती भुसभुशीत होते. हा बदल काही तासांत हाताला जाणवतो. पुढं आठवडे-महिने चुना मातीतल्या सिलिकाशी जोडला जात राहतो आणि थर ताकद धरतो. भट्टीच्या धुळीतला मोकळा चुना हेच करतो. त्यात परळीची राख मिसळली तर दुसरी क्रिया आणखी जोमानं होते.

माती किती फुगते हे बघायला मोठी यंत्रं लागत नाहीत. १०० मिलीचे दोन मोजपात्र घ्यायचे. ४२५ मायक्रॉनमधून चाळलेली कोरडी माती दोन्हींत १०-१० ग्रॅम. एकात रॉकेल, दुसऱ्यात शुद्ध पाणी १०० मिलीच्या खुणेपर्यंत. काडीनं ढवळून हवेचे बुडबुडे काढायचे आणि २४ तास हात लावायचा नाही. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, तळाशी बसून राहते. पाण्यातली माती फुगून वर येते. दोन्ही आकारमानांतला फरक रॉकेलमधल्या आकारमानानं भागून शंभरनं गुणला की फ्री स्वेल इंडेक्स. ५० टक्क्यांच्या वर गेला तर ती माती भरावाला जशीच्या तशी वापरायची नसते. हीच चाचणी धूळ मिसळलेल्या मातीवर करून बघा. पाण्याच्या पात्रातली पातळी खाली आलेली ज्यानं एकदा बघितली, त्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मातीत किती टक्के धूळ लागते?

चुन्यापेक्षा जास्त, कारण धुळीत मोकळा चुना थोडाच असतो. किती, ते पीएचवरून अंदाजता येतं. मातीच्या वेगवेगळ्या नमुन्यांत ४, ६, ८, १० टक्के धूळ घालून पाण्यात पातळ कालवायची, अधूनमधून ढवळायची आणि तासाभरानं पीएच मोजायचा. ज्या प्रमाणाला पीएच १२.४ च्या आसपास पोचतो, तिथून पुढं ताकदीच्या चाचण्या सुरू करायच्या. धुळीतल्या अल्कलीमुळेही पीएच चढतो, म्हणून हा फक्त आरंभबिंदू. अंतिम प्रमाण सीबीआर आणि अनकन्फाइन्ड ताकदीवरच (बाजूंनी आधार न देता नमुना दाबून मोजलेल्या ताकदीवर) ठरवायचं. मार्गदर्शनासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची (आयआरसी) पुस्तिका एसपी ८९ आहे, ग्रामीण रस्त्यांच्या जाडीसाठी एसपी ७२ आहे.

मालाचा हिशेब इथं बघण्यासारखा आहे. साडेपाच मीटर रुंद, ३० मिमी जाड कार्पेटच्या एका किलोमीटरला सुमारे ४०० टन मिश्रण लागतं. २ टक्के फिलर धरला तर धूळ आठ टन. म्हणजे एक बल्कर (सुटी भुकटी नेणारा टँकर) तीन किलोमीटरला पुरतो. आता साडेसात मीटर रुंदीचा, ३० सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर घ्या. एका किलोमीटरला साधारण ३,६०० टन माती, ६ टक्के धूळ म्हणजे २१६ टन, सात-आठ बल्कर. कारखान्याच्या आवारात साठलेला माल खपवायचा असेल तर तो मातीत खपेल.

प्रत्यक्ष जागेवर कसं मिसळायचं?

माती आधी कोरडी करून ढेकळं फोडून घ्या. सुपारीएवढ्या ढेकळाच्या आत चुना पोचत नाही, तेवढा भाग कच्चाच राहतो. गावाकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर हे काम करतो, मोठ्या कामावर स्टॅबिलायझर यंत्र लागतं. धूळ सारख्या अंतरावर टाकून पसरायची, कोरडी मिसळायची, मग पाणी मारून पुन्हा मिसळायची. वारा सुटलेल्या दुपारी हे काम काढू नका.

चुन्याच्या कामात मिसळलेली माती रात्रभर मुरू देऊन दुसऱ्या दिवशी दाबण्याची रीत आहे. ती इथं जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण धुळीत लवकर घट्ट होणारं द्रव्यही असतं. मिसळलं त्याच दिवशी रोलर फिरला पाहिजे.

मग क्युरिंग. किमान सात दिवस थर ओला राहायला हवा. मराठवाड्यात रस्त्याची कामं चालतात त्याच महिन्यांत गावाला पिण्याच्या पाण्याचे टँकर चालू असतात. अशा वेळी रोज पाणी मारण्याऐवजी थरावर डांबरी इमल्शनचा हात मारून आतली ओल कोंडून ठेवावी. पाणीही वाचतं आणि वरच्या थराला पकडही मिळते.

मातीत सल्फेट असेल तर?

मग थांबा. जिप्सम किंवा इतर सल्फेट असलेल्या चिकणमातीत चुना गेला की एट्रिंगाइट नावाचं खनिज वाढतं आणि ते वाढताना थर वर उचलला जातो. धुळीत स्वतःचंही सल्फेट असतं. खारवट जमीन असेल, उन्हाळ्यात पृष्ठभागावर पांढरा थर चढत असेल, तर सल्फेटची तपासणी झाल्याशिवाय काम सुरू करू नये.

विटा आणि पेव्हर ब्लॉकमध्ये चालते का?

राखेच्या विटांत चालते. तिथं राख, चुना, जिप्सम आणि कच असं मिश्रण असतं. चुन्याचा काही भाग धुळीनं भरून निघतो. मुख्य त्रास लोणा लागण्याचा. पोटॅशचे क्षार पाण्याबरोबर बाहेर येऊन भिंतीवर पांढरे डाग उठतात, गिलावा फुगतो. बायपास डस्टमध्ये क्षार जास्त असल्यामुळे हा धोका मोठा. काही विटा तळाशी पाणी असलेल्या ताटलीत उभ्या करून, पाणी सुकलं की पुन्हा भरून, पांढरेपणा किती चढतो ते बघा. ग्राहकाच्या घरात बघण्यापेक्षा विटा बनवता तिथंच बघणं चांगलं.

पेव्हर ब्लॉकमध्ये भारतीय मानक आयएस १५६५८ ची ताकद मिळत असेल तर थोड्या प्रमाणात हरकत नाही. त्यात लोखंड नसतं. रंगीत ब्लॉकमध्ये नको, डाग लगेच दिसतात.

घराच्या स्लॅबला सिमेंट वाचवायला वापरू का?

नाही. लोखंड असलेल्या कुठल्याही काँक्रीटमध्ये ही धूळ घालू नका. तिच्यातलं क्लोराइड सळईला गंज चढवतं. आयएस ४५६ मध्ये सळई असलेल्या काँक्रीटला एका घनमीटरमागे ०.६ किलो क्लोराइडची मर्यादा आहे आणि बायपास डस्टनं ती सहज ओलांडली जाऊ शकते. कॉलम, बीम, स्लॅब, पाण्याची टाकी, सगळ्याला हे लागू. कुणी स्वस्तात ‘सिमेंटसारखंच आहे’ म्हणून कट्टे देत असेल तर घेऊ नका.

यात पोटॅश आहे ना, मग शेतात टाकली तर?

आपल्या शेतात नको. आम्ल जमिनी असलेल्या प्रदेशांत अशी धूळ चुन्यासारखी वापरतात, तिथं ती जमीन सुधारते. मराठवाड्याच्या जमिनी आधीच चुनखडीयुक्त आणि विम्ल (आम्लाच्या उलट) आहेत. लोह आणि जस्त पिकाला मिळत नाही म्हणून सोयाबीन, मोसंबी पिवळी पडते ती यामुळेच. वर आणखी चुना गेला तर ते वाढेल, शिवाय क्लोराइड आणि जड धातूंची भीती.

हाताळताना काय काळजी घ्यायची?

ही धूळ ओल्या कातडीला भाजते. सुरुवातीला काही जाणवत नाही, संध्याकाळी घामाच्या जागी, बुटाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत कातडी सोलवटलेली दिसते. डोळ्यात गेली तर लगेच स्वच्छ पाण्यानं किमान १५-२० मिनिटं डोळा उघडा धरून धुवा आणि तसंच डॉक्टरकडे जा. श्वासातून जाणारी बारीक सिलिका फुप्फुसाला कायमचं नुकसान करते. मजुरांना तोंडावर रुमाल बांधायला सांगून भागत नाही. एन-९५ मास्क, बंद चष्मा, रबरी हातमोजे आणि गमबूट द्यावेत आणि त्याचा खर्च दर काढताना आधीच धरावा. पसरण्याच्या कामावर बायका लहान मुलांना सोबत आणतात. त्या जागेपासून मुलांना लांब ठेवण्याची जबाबदारी गुत्तेदाराची आहे.

विहिरीच्या पाण्याला धोका आहे का?

उघड्यावर ढीग करून ठेवला तर आहे. पावसाचं पाणी त्यातून क्षार घेऊन खाली जातं, पीएच चढलेलं पाणी नाल्यात जातं. कारखान्यात टाकाऊ प्लास्टिक किंवा कचऱ्याचं इंधन जाळत असतील तर शिसं, कॅडमियमसारखे वाफ होणारे धातू बायपास डस्टमध्ये साठू शकतात. म्हणून कारखान्याकडून लीचिंग चाचणीचा (पाण्यात काय झिरपतं त्याचा) अहवाल मागा. मातीत किंवा डांबरात बांधली गेल्यावर झिरपणं खूप कमी होतं. तरीही पिण्याच्या विहिरीजवळ आणि तळ्याच्या भरावाला मी ही धूळ वापरणार नाही.

परवानगी लागते का? टेंडरमध्ये कसं दाखवायचं?

राखेसाठी केंद्र सरकारच्या अधिसूचना आहेत, पहिली १९९९ ची आणि आताची ३१ डिसेंबर २०२१ ची. औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामांबद्दल त्यात तरतुदी आहेत. त्या या धुळीला लागू होत नाहीत. धूळ उचलण्याआधी कारखान्याला प्रदूषण मंडळानं दिलेल्या संमतीपत्रात ती बाहेर देण्याची मुभा आहे का ते बघा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयातून लेखी खात्री करून घ्या. कलबुर्गीचा माल असेल तर तिकडच्या मंडळाचाही प्रश्न येतो.

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामात जॉब मिक्स फॉर्म्युल्यात (कामासाठी ठरवलेल्या मिश्रणाच्या तपशिलात) फिलर कोणता, कुठला आणि किती, हे नमूद करून मंजुरी घ्या. मंजुरीनंतर फिलर बदलला तर डिझाइन नव्यानं करावं लागतं.

कारखान्याकडून कोणते आकडे मागायचे?

मोकळा चुना, क्लोराइड, सल्फेट, पोटॅश-सोडा, तापवल्यावर घटणारं वजन आणि चाळणीचा अहवाल. तापवल्यावर वजन खूप घटत असेल तर धुळीत न भाजलेली चुनखडी किंवा ओल जास्त आहे, म्हणजे मातीच्या कामाला ती मंद. अहवाल त्याच आठवड्याचा हवा, वर्षापूर्वीचा नको. भट्टीचं इंधन किंवा चुनखडीची खाण बदलली की धूळ बदलते. स्वतःच्या तपासणीसाठी नांदेडची एसजीजीएस अभियांत्रिकी संस्था किंवा छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय अशा ठिकाणच्या सिव्हिल विभागांकडे विचारणा करता येईल.

साठवायची कशी?

बंद सायलोत. ओल लागली की मोकळा चुना विरतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो. कारखान्याच्या मागे दोन पावसाळे पडलेला ढीग फुकट मिळाला तरी मातीच्या कामाला त्याचा उपयोग फारसा होत नाही. डांबरात फिलर म्हणून तो कोरडा करून, चाळून, तपासून कदाचित चालेल.

लहान गुत्तेदारानं सुरुवात कुठून करावी?

आपल्याच एखाद्या कामातल्या शंभर-दोनशे मीटरच्या पट्ट्यापासून. विभागाच्या संमतीनं, काळ्या मातीच्या सबग्रेडवर (रस्त्याखालच्या मातीच्या थरावर). शेजारचा तेवढाच पट्टा नेहमीच्या पद्धतीनं करा, वरचे थर दोन्हींना सारखे ठेवा, नाली दोन्हींना सारखी काढा. काम झाल्यावर मधली आणि कडेची पातळी मोजून नोंदवा, कॅमेऱ्यात तारखेसह फोटो घ्या. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा मेमध्ये त्याच जागी पातळी मोजा, कडेच्या भेगांची लांबी-रुंदी टेपनं घ्या, डीसीपीचे (वजन टाकून दांडा थरात घुसवणाऱ्या उपकरणाचे) ठोके मारून ताकद बघा. कनिष्ठ अभियंत्याची सही प्रत्येक नोंदीवर असू द्या, म्हणजे पुढच्या कामाच्या अंदाजपत्रकाला ती नोंद जोडता येते.